शास्त्रीय संगीत ऐकायला ऑनलाइन कसं शिकावं?

राग ओळखता यावेत या हौसेने लोक रसास्वादाचा अभ्यासक्रम लावतात आणि थोड्याच दिवसांत कोमल-तीव्र, वादी-संवादीच्या माऱ्याने कंटाळून सोडून देतात. माझं मत विचाराल तर राग ओळखणं मागाहून येऊ द्यावं. आधी सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीची पहिली मात्रा, पकडायला शिकावं. गाणारा कुठे निघालाय आणि कुठे पोचणार आहे हे कळलं की ऐकण्यात गोडी लागते, मग रागाचं व्याकरणही जड जात नाही.

1. एकच अभ्यासक्रम धरा. ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवर एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा) हिंदुस्थानी संगीताच्या रसास्वादाचा अभ्यासक्रम आहे. आयआयटी मद्रासच्या लक्ष्मी श्रीराम यांनी तो शिकवला आहे. भाषा इंग्रजी, नावनोंदणी मोफत; पैसे लागतात ते परीक्षेला बसायचं असेल तरच. दुसरा कुठला घेतलात तरी चालेल, फक्त नोंदणीआधी एक व्याख्यान उघडून बघा. तासभर नुसतं बोलणंच असेल आणि गाऊन-वाजवून काहीच दाखवलं नसेल, तर तो आपल्या कामाचा नाही.

2. हेडफोन लावा आणि वेग वाढवू नका. मोबाइलच्या स्पीकरवर डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या खर्जातल्या वाद्याचा) घुमारा आणि तानपुऱ्याची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, दोन्ही मरतात. व्याख्यान दीडपट वेगाने ऐकायची सवय असेल तर ती इथे मोडा. त्या वेगात विलंबित म्हणजे संथ लय मध्यलयीसारखी वाटते आणि शिकायचं तेच हातचं जातं.

3. तीनताल हातावर घ्या. या पायरीला भरपूर वेळ द्या. मात्रा 16, चार-चारचे चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली म्हणजे हात नुसता बाजूला न्यायचा. तोंडाने बोल म्हणत राहा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

आता तबल्याचा साधा ठेका (हेच बोल वाजवलेले) लावा आणि फक्त डग्गा ऐका. दहाव्या मात्रेपासून, ‘तिं तिं ता ता’ म्हणताना, घुमारा नाहीसा होतो. चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला तो परत येतो आणि त्यानंतर तिसऱ्याच मात्रेला सम. ही खूण एकदा कानात बसली की मात्रा मोजायची गरज उरत नाही. हे जमलं की एखादी द्रुत (जलद लयीतली) बंदिश, म्हणजे तालात बांधलेली रचना, घ्या. पुष्कळ बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उठतात आणि मुखड्याचं (पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या ओळीचं) ठरावीक अक्षर समेवर येऊन पडतं. ते अक्षर कोणतं, एवढंच शोधा. गायक ताना घेत कितीही लांब गेला तरी त्याच अक्षरावर परततो. तो पोचायच्या आत आपला हात मांडीवर पडला, तर पायरी जमली.

विलंबित एकतालाची घाई नको. मात्रा 12 च, पण अतिविलंबितात एक आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) मिनिटभर चालू शकतं. नवख्याचा धीर सुटतो.

4. छोट्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करा. जुन्या 78 आरपीएम तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. त्यामुळे अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई केरकर यांच्यासारख्या गायकांना तेवढ्यात राग उभा करावा लागे. 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेलेली केसरबाईंची भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे. एक तबकडी लागोपाठ तीनदा ऐका: पहिल्यांदा नुसती, मग तबल्याकडे लक्ष ठेवून, मग गायिका कोणत्या स्वरावर थांबते ते पाहत. आवाज खरखरीत असतो खरा, पण दोन-चार ऐकल्यावर सवय होते.

5. आता रागाकडे वळा, तेही जोडीने. भूप आणि देसकार घ्या. दोघांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूप संध्याकाळनंतरचा, तो गंधाराभोवती (ग), सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात रमतो. देसकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात (ध) आणि ओढ वरच्या षड्जाकडे (सा). दोन्ही पाठोपाठ ऐका आणि प्रत्येक थांबा कोणत्या स्वरावर झाला ते वहीत टिपा. स्वर ओळखू येत नसतील तर ‘वर थांबला’, ‘खाली थांबला’ एवढं लिहिलं तरी पुरे. स्वर तेच असून राग दोन कसे, हे व्याख्यानापेक्षा या वहीतून लवकर कळतं. एकाच बैठकीत पाच-सहा राग मात्र ऐकू नका, सगळी खिचडी होते.

6. स्वाध्याय आणि परीक्षा. दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवा, त्याने शिस्त राहते. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रासाठी 25 टक्के वजन स्वाध्यायांना आणि 75 टक्के केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला असतं. कॉलेजचे क्रेडिट हवे नसतील तर परीक्षेच्या फंदात न पडलेलं बरं.

7. मैफलीला जा. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासून चालत आलाय आणि तिथली गर्दी अनुभवण्यासारखी असते, पण पहिल्या खेपेला गावातली एखादी छोटी बैठक बरी. मिळाली तर सकाळची गाठा. संध्याकाळच्या मैफलींत देसकार, तोडी क्वचितच कानी पडतात. तबलजीचे हात दिसतील अशी जागा धरा. मांडीवर ताल धरायला कोणाची ना नसते, तोंडाने मात्रा मात्र मोजू नका. शेजारचे वळून बघतात.