‘जेंट्स पोझ’, ‘लेडीज पोझ’ : पोर्ट्रेट काढताना या चुका टाळा

मोबाइलमध्ये पोझचे ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ असे दोन फोल्डर ठेवायची सवय आपल्या फोटोग्राफीच्या धंद्यातून अजून गेलेली नाही. गिऱ्हाईक आत आलं, की कपडे नि केस बघून आपण त्यातला एक उघडतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. बारीक केस ठेवणारी बँक मॅनेजर असो, कथक शिकवणारा मुलगा असो, की स्वतःला स्त्री-पुरुष या खान्यांत न बसवणारं कोणी. यांना दोन्ही फोल्डर बोचतात. आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केलं आहे. आपण कॅमेऱ्यामागून ती ठरवू नये. बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या: फोटोत काय दिसायला हवं, रुबाब, मोकळेपणा, नाजूकपणा की खट्याळपणा? अल्बमवर नाव काय घालू?

उत्तर मिळालं, की पुढचं काम शरीराच्या भूमितीचं. खांदे कॅमेऱ्यासमोर सरळ ठेवले तर माणूस रुंद दिसतो, तीस-चाळीस अंश वळवले तर सडपातळ. वजन दोन्ही पायांवर सारखं असलं की ठामपणा येतो, मागच्या पायावर टाकलं की कमरेला वळण मिळतं. मान वरच्या खांद्याकडे झुकली तर बाईची पोझ, खालच्या खांद्याकडे झुकली तर पुरुषाची, असा स्टुडिओंचा जुना नियम. त्यातलं बाई-पुरुष काढून टाका. पहिल्याने चेहरा मवाळ होतो, दुसऱ्याने वजनदार, एवढंच लक्षात ठेवा. हाताची करंगळीकडची कड लेन्सकडे आली तर हात नाजूक दिसतो, पालथा पंजा आला तर मोठा.

हे पटत नसेल तर आपल्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचं, फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेलने १९३० च्या दशकात रंगवलेलं चित्र पाहा. पांढरा मराठी वेश, डोक्यावर पगडी आणि लांबसडक, निमुळती बोटं. आजच्या हिशेबाने ती बोटं थेट ‘लेडीज’ फोल्डरात गेली असती. महाराजांचा रुबाब मात्र तसूभरही कमी झालेला नाही.

जोडप्यांच्या फोटोत चूक ठरलेली असते: एक मागे राखणदारासारखा, दुसरी पुढे नजर झुकवून. दोघं पुरुष किंवा दोघी बायका आल्या, की फोटोग्राफर गडबडतो आणि ‘यात मुलगा कोण?’ असलं काहीतरी विचारून बसतो. त्यापेक्षा प्रत्येक मांडणी दोनदा काढा: आधी एकाने रेलायचं, मग दुसऱ्याने. उंचीत फरक असेल तर इंदुरातल्या कृष्णपुरा छत्र्यांच्या, म्हणजे होळकरांच्या स्मारकांच्या, पायऱ्या आहेतच.

सूचना देताना ‘उभे राहा’ की ‘उभ्या राहा’ असं अडखळू नका, सरळ अवयवाचं नाव घ्या: ‘वजन मागच्या पायावर घ्या, हनुवटी थोडी खाली.’ हात लावून पोझ बसवू नका, स्वतः उभं राहून दाखवा. घरी शूट असेल तर सोफ्यावरून आजीचा आवाज येतोच, ‘मुलीच्या जातीनं असं पाय फाकवून बसू नये!’ एक फ्रेम आजीच्या मनासारखी काढा, पुढच्या फ्रेम मुलीच्या मनासारख्या. घरात भांडण लावायला आपण गेलेलो नाही.

उलटी चूकही तितकीच वाईट. तटस्थ म्हणजे सगळ्यांना ढगळ शर्ट, लोंबते हात आणि दगडी चेहरा, असा काहींनी समज करून घेतलाय. कोणाला नऊवारी, नथ आणि पुरा ठसका हवा असेल तर तो द्या. मागणारं कोण आहे, याच्याशी आपल्याला काय करायचंय? आणि फोटो ताठर येत असतील तर आधी गुडघे बघा. ते ताणलेले असतात आणि श्वास रोखलेला असतो. दोन पावलं चालायला लावा, श्वास सोडायला सांगा आणि तो संपता संपता क्लिक करा.

शेवटची माती एडिटिंगमध्ये होते. अ‍ॅपमधलं ‘मेल’ प्रीसेट (तयार सेटिंग) जबडा कोरतं, ‘फीमेल’ प्रीसेट नाक बारीक करून कातडी मेणासारखी गुळगुळीत करतं. दोन्ही बंद ठेवा. पुटकुळी काढा, ती पंधरा दिवसांत तशीही जाणार असते. तीळ, व्रण, ओठावरची लव मात्र विचारल्याशिवाय पुसू नका.