फिक्स्ड गिअर सायकल: घ्यावी का, आणि घेतली तर कशी चालवावी

लहानपणी तीनचाकी चालवलेल्या प्रत्येकाने फिक्स्ड गिअर सायकल एकदा चालवलेलीच असते. तीनचाकीचे पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असते. चाक फिरते तोवर पायडल फिरते, आणि उतारावर पाय वर उचलून धरले तरी ते गरगरत राहते. पुढे दोनचाकी हातात येते तेव्हा तिच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते, त्यामुळे पाय थांबवून सायकल मोकळी सोडता येते आणि पाय थांबताच मागून टिकटिक ऐकू येते. फिक्स्ड गिअर सायकलीत हे फ्रीव्हील नसते. मागची छोटी दातेरी चकती, म्हणजे कॉग, चाकाच्या मधल्या तुंब्यावर, म्हणजे हबवर, घट्ट बसवलेली असते. चाक पुढे गेले की पायडल पुढे जाते, आणि पायांनी पायडलला विरोध केला की चाकाचा वेग उतरतो. टिकटिक नाही, विसावा नाही, गिअर एकच.

मी पुण्यात ही सायकल काही वर्षे रोज चालवली आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. तरीही ती घेऊ का, असे कोणी विचारले की मी आधी एवढेच विचारतो की तुमचा रोजचा रस्ता कोणता. या सायकलीचे गुण आणि दोष तिच्यात जेवढे आहेत, त्याहून अधिक ते रस्त्यात आहेत.

ही सायकल मुळात वेलोड्रोमवरची, म्हणजे सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या ट्रॅकवरची आहे. तिथे सर्व स्पर्धक एकाच दिशेने धावतात, समोरून कोणी येत नाही, आणि अचानक ब्रेक दाबणारा सायकलस्वार मागच्यांना धोक्यात घालतो. म्हणून ट्रॅकच्या सायकलींना ब्रेक नसतात. बेल्जियमचे शर्यतपटू एडी मर्क्स यांनी १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले ते अशाच सायकलीवर, आणि २०१८ मध्ये अंदमानच्या एसो अल्बेन याने कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत केरिन या ट्रॅक शर्यतीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवले तेही अशाच सायकलीवर. पुण्यातही बालेवाडीच्या क्रीडा संकुलात वेलोड्रोम आहे. परंतु ट्रॅकवर योग्य ठरलेली ब्रेकविना सायकल रस्त्यावर आणणे ही चूक आहे, आणि तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

फायदे, आणि ते किती खरे

पहिला फायदा साधेपणाचा. गिअर बदलणारी यंत्रणा, तिच्या केबल आणि लिव्हर यांपैकी काहीच नसल्यामुळे बिघडण्यासारखे फार थोडे उरते. चेन सरळ रेषेत धावते, त्यामुळे तिची झीज कमी होते. जुलै महिन्यात रस्त्यावरचा चिखल चेनपर्यंत उडतो तेव्हा गिअरच्या सायकलीला तासभर स्वच्छ करत बसावे लागते. ही सायकल बादलीभर पाण्याने धुऊन, चेन कोरडी करून वंगण घातले की दुसऱ्या दिवशी तयार असते.

दुसरा फायदा ताब्याचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा. गर्दीत पुढच्या रिक्षामागे हळूहळू सरकताना ब्रेकला हात न लावता केवळ पायांच्या दाबाने वेग हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. ओल्या रस्त्यावर मागच्या टायरची पकड सुटू लागली की ते तळपायाला आधी कळते. पहिल्या पावसात रस्त्यावर तेलाचा तवंग येतो तेव्हा या जाणिवेची किंमत समजते.

तिसरा फायदा सरावाचा आहे. पाय थांबवता येत नसल्यामुळे पायडल गोल आणि एकसारखे फिरवण्याची सवय आपोआप लागते. युरोपातले शर्यतपटू हिवाळ्यातल्या सरावासाठी ही सायकल वापरत आले आहेत ते याच कारणाने. मात्र तिच्यामुळे वजन झपाट्याने उतरते किंवा पाय विलक्षण बळकट होतात, अशा समजुतींवर विसंबून ती घेऊ नये. किती अंतर, किती वेगाने आणि किती नियमितपणे कापले, यावरच ते अवलंबून असते.

तोटे, विशेषतः आपल्या रस्त्यांवर

सर्वांत मोठा तोटा उताराचा आहे. चढावर निदान उतरून सायकल हातात धरून चालता येते, परंतु उतारावर वेग वाढला की पायडलही त्याच प्रमाणात वेगाने फिरतात. पायडलजवळच्या पुढच्या चकतीला ४४ दात, मागच्या कॉगला १८ दात आणि टायरचा घेर साधारण २.१ मीटर धरला, तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.१ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या की ताशी साधारण २५ किलोमीटरचा वेग मिळतो, आणि तो शहरात पुरेसा आहे. तीच सायकल घाटात ताशी ४० किलोमीटरवर गेली की मिनिटाला सुमारे १३० फेऱ्या होतात. नवख्याचे पाय इतक्या वेगात पायडलवरून निसटतात, आणि निसटलेला पाय त्या फिरत्या पायडलवर पुन्हा ठेवता येत नाही. सिंहगडाचा किंवा कात्रजचा उतार म्हणूनच या सायकलीवर फिक्स्ड गिअरने उतरू नये. मुंबईत मरीन ड्राइव्हवर पहाटे चालवणाऱ्याला किंवा नागपूरच्या सपाट रस्त्यांवरून कामाला जाणाऱ्याला ही अडचण जवळजवळ जाणवणार नाही.

दुसरा तोटा खड्ड्यांचा आणि गतिरोधकांचा. एरवी गतिरोधक आला की आपण दोन्ही पायडल आडवे ठेवून सीटवरून किंचित उठतो आणि गुडघ्यांवर धक्का झेलतो. येथे पायडल आडवे थांबवता येत नाहीत. पहिल्याच दिवशी मी सवयीने पाय थांबवले, तेव्हा मागून कोणी ढकलावे तसे वर आलेल्या पायडलने मला सीटवरून उसळवले आणि दोन्ही गुडघे फुटले. उपाय असा की गतिरोधक दिसताच बराच आधी वेग अगदी कमी करावा आणि पाय फिरते ठेवूनच वजन सीटवरून हलके करावे.

वळणाचेही तसेच आहे. सायकल कललेली असताना आतल्या बाजूचे पायडल खाली येते आणि ते वर रोखून धरता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात एका गल्लीतून डावीकडे वळताना माझे पायडल रस्त्याला टेकले, मागचे चाक क्षणभर उचलले गेले आणि वीतभर बाजूला जाऊन पडले. मी सावरलो, परंतु पायडलच्या कडेला रंग उडून धातू चकाकतो ती खूण अजून आहे. यासाठी १६५ मिलिमीटर लांबीचे, म्हणजे थोडे आखूड क्रँक (पायडल ज्या दांड्यांना जोडलेले असते त्या) घ्यावेत आणि वळण सावकाश घ्यावे.

कपड्यांची गोष्ट किरकोळ वाटते, पण ती तशी नाही. साध्या सायकलीत चेनमध्ये कापड अडकले तर पाय थांबवून ते सोडवता येते. येथे चालत्या सायकलीचा वेगच कापड आत ओढत नेतो. ओढणी, साडीचा पदर, सैल पायजमा, बुटाची लोंबती नाडी यांपैकी काहीही चेनजवळ असता कामा नये.

ज्यांना मूल मागे बसवून शाळेत सोडायचे असते, ज्यांचे गुडघे आधीच दुखतात, किंवा ज्यांच्या घरात ही एकमेव सायकल असणार आहे, त्यांनी ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रेक लावलाच पाहिजे

ब्रेक काढून टाकलेली फिक्सी, म्हणजे फिक्स्ड गिअर सायकल, छायाचित्रात देखणी दिसते आणि तरुण मुलांना तिचे आकर्षण वाटते, हे मी पाहिले आहे. परंतु थांबण्याचा हिशोब सोपा आहे. वेग कमी होऊ लागताच सायकलस्वाराचे वजन पुढच्या चाकावर जाते आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाला पकड नसते, ते नुसते घसरत जाते. पायांनी कितीही जोर लावला तरी तो मागच्याच चाकावर लागतो. म्हणून केवळ पायांनी थांबायला पुढच्या ब्रेकपेक्षा कितीतरी अधिक अंतर लागते, आणि समोर धावत आलेल्या मुलासाठी तेवढे अंतर आपल्याजवळ नसते. चेन तुटली किंवा उतरली तर पायांचा ब्रेक पूर्णच जातो. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांनी रस्त्यावरच्या सायकलीला दोन ब्रेक सांगितले आणि फिक्स्ड चाक त्यांतला एक मानला. पुढचा ब्रेक मात्र त्यांनी सोडला नाही. तो चांगल्या प्रतीचा असावा, त्याचे रबर वेळेवर बदलावे, आणि घरातून निघताना लिव्हर एकदा दाबून पाहावा.

घेताना काय पाहावे

मागचे हब नीट पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. खऱ्या फिक्स्ड हबवर दोन प्रकारचे आटे असतात. कॉग उजव्या आट्यांवर बसतो आणि त्याच्या बाहेर डाव्या, म्हणजे उलट्या आट्यांची रिंग बसते. पायांनी मागे जोर दिला की कॉग सुटू पाहतो, आणि तो जितका सुटू पाहतो तितकी ही रिंग आवळली जाते. साध्या सायकलीच्या हबवर कॉग चढवून किंवा फ्रीव्हील वेल्ड करून स्वस्तात फिक्सी बनवून देणारे भेटतात. त्या हबवर उलटे आटेच नसतात; त्यामुळे ज्या क्षणी थांबण्यासाठी पूर्ण जोर द्यावा त्याच क्षणी कॉग सुटून येण्याचा धोका असतो. असे काम करून घेऊ नये.

त्यानंतर फ्रेममध्ये मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती खाच पाहावी. चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता यावी, यासाठी ती आडवी असावी लागते. गिअरच्या बहुतेक आधुनिक सायकलींची खाच उभी असते, म्हणून त्या फ्रेमवर हा बदल सहजी होत नाही. शक्य असेल तर एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील बसणारे, ज्याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात, असे हब घ्यावे. नवख्या माणसाला मी नेहमी हेच सुचवतो.

तयार सायकलींवर अनेकदा पुढे ४६ आणि मागे १६ दात असतात. सुरुवातीला हे जड पडते, आणि जड गिअरला पायांनी रोखताना गुडघ्यांवर ताण येतो. मागे १७ किंवा १८ दातांचा कॉग बसवून घ्यावा. मागचे चाक अडवून घसरवत थांबण्याची सवय असेल तर दातांच्या गुणोत्तराकडेही लक्ष द्यावे. ४८ आणि १६ या जोडीत पायडलच्या एका फेरीत चाक बरोबर तीन फेऱ्या मारते, त्यामुळे एकच पाय पुढे ठेवून घसरवणाऱ्याचा टायर दर वेळी एकाच जागी घासला जातो आणि लवकर फाटतो. ४४ आणि १७ या जोडीत तीच झीज १७ ठिकाणी विभागली जाते.

शिकण्याची पद्धत

पहिले तीन-चार दिवस पहाटे मोकळ्या मैदानात घालवावेत. पाय पायडलवर धरून ठेवणारे पट्टे किंवा टोक्लिप असावेत, परंतु ते प्रथम सैल ठेवावेत. निघताना पुढचा ब्रेक धरून मागचे चाक थोडे उचलावे आणि एक पायडल समोर, किंचित वर येईल असे ठेवून मग पाय टाकावा. थांबायचे असेल तेव्हा वर येणाऱ्या पायडलवर हळूहळू वजन द्यावे, एकदम अडवू नये. पाय थांबवण्याची जुनी सवय साधारण आठवडाभरात मोडते. तोवर रहदारीत जाऊ नये. त्यानंतरही पुढचा ब्रेक आणि पायांचा विरोध एकत्र वापरण्याचा सराव रोज दहा मिनिटे करावा, कारण प्रसंग आला की शरीर सरावातलेच करते.

देखभाल

चेनचा ताण आठवड्यातून एकदा पाहावा. दोन्ही दातेरी चाकांच्या मधोमध बोटाने दाबल्यावर चेन साधारण एक सेंटिमीटर हलली पाहिजे. त्याहून सैल असेल तर ती उतरू शकते, आणि फिरत्या चाकात उतरलेली चेन अडकली तर चाक जागच्या जागी थांबते. फार घट्ट असेल तर हबवर जोर येतो आणि पायडल जड फिरते.

चेन पुसताना चाक फिरवत ठेवून फडके धरण्याची सवय अनेकांना असते. या सायकलीवर ते कधीही करू नये. चाकाच्या गतीने चेन चालत राहते आणि फडक्यासह बोट दात्यांखाली जाते. अशा अपघातात लोकांची बोटे तुटलेली आहेत. चाक स्थिर ठेवावे, समोरचा भाग पुसावा, हात दूर घ्यावा, मग चाक वीतभर फिरवून पुढचा भाग पुसावा. घरात लहान मुले असतील तर सायकल भिंतीला टेकवून न ठेवता उंचावर टांगावी.

बाहेर जाताना नेहमीच्या पंक्चरच्या सामानासोबत १५ मिलिमीटरचा पाना बाळगावा. फ्लिप-फ्लॉप हब असेल तर घाटातही तोच कामी येतो. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी नव्हती, तेव्हा शर्यतपटू चढाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढत आणि दुसऱ्या बाजूचा कॉग वापरण्यासाठी ते उलटे बसवत. आपण घाटमाथ्यावर तसेच करावे: दोन्ही नट सैल करावेत, चेन उतरवावी, चाक फिरवून फ्रीव्हीलची बाजू चेनकडे आणावी, चेन ताणून नट पुन्हा आवळावेत. सरावाने याला पाच मिनिटेही लागत नाहीत. मात्र फ्रीव्हीलच्या बाजूने पायांचा ब्रेक उरत नाही; म्हणून घाटात जाणाऱ्या सायकलीला मागचा ब्रेकही बसवलेला असावा, आणि उतार सुरू होण्याआधी दोन्ही लिव्हर दाबून पाहावेत.