प्रदेशाचे प्रशासकीय विभाग कसे पाडावेत

एखाद्या प्रदेशाचे प्रशासकीय विभाग पाडायचे असतील, तर नकाशाला हात लावण्याआधी कोणते काम कोणत्या पातळीवर होणार हे लिहून काढावे. दाखले, जमिनीच्या नोंदी आणि प्राथमिक शाळा खालच्या घटकाकडे राहाव्यात, मोठी रुग्णालये आणि दूरची वाहतूक वरच्या घटकाकडे द्यावी. ज्या पातळीला स्वतःचे असे काम उरत नाही, ती निर्माणच करू नये, कारण तिच्यामुळे फक्त फाइलचा प्रवास लांबतो.

मग मुख्यालय ठरवावे आणि हद्द त्यानंतर आखावी. फ्रान्समध्ये १७९० साली जुने प्रांत मोडून ८३ देपार्तमाँ (जिल्ह्यासारखे विभाग) करण्यात आले, तेव्हा मुख्यालय घोड्यावरून दिवसभरात गाठता यावे, असा विचार होता. आजही हीच कसोटी लावावी: सर्वांत दूरच्या वस्तीतला माणूस सकाळी निघून, काम उरकून, संध्याकाळी घरी परतू शकतो का? हे अंतर सरळ रेषेत न मोजता, घाटातून आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या पुलांवरून प्रत्यक्ष किती वेळ लागतो, त्यावरून मोजावे. नदी सीमेसाठी सोयीची दिसते खरी; पण दोन्ही काठांची बाजारपेठ एक असेल, तर तिथून हद्द नेल्याने रोजचे व्यवहार दुभंगतात, शिवाय पात्र सरकले की वाद उभा राहतो. माझ्या मते डोंगररांग बहुधा अधिक टिकाऊ सीमा ठरते.

सर्व घटक समान लोकसंख्येचे असावेत हा हट्ट धरू नये. युरोपीय संघ आकडेवारीसाठी प्रदेशांचे जे तीन पातळ्यांचे वर्गीकरण वापरतो, त्यातही तिसऱ्या, म्हणजे सर्वांत लहान पातळीसाठी १.५ ते ८ लाख लोकसंख्या अशी ऐसपैस मर्यादा आहे. मुख्यालयासाठी दोन शहरांत चुरस असेल, तर कार्यालये वाटून देता येतात: पोलंडमध्ये १९९९ साली ४९ प्रांतांचे १६ झाले, तेव्हा कुयाव्ही-पोमेरेनिया प्रांतात केंद्र सरकारचा प्रतिनिधी बिद्गोश्चला, तर प्रांतिक विधिमंडळ तोरुनला बसवण्यात आले. पहिल्याच आखणीत सारे बसेल अशी अपेक्षाही नसावी. जपानने १८७१ साली सरंजामी जहागिरी रद्द केल्यावर ३०० हून अधिक घटक झाले. त्याच वर्षी त्यांची संख्या पंचाहत्तरवर आणली गेली आणि ४७ हा आकडा स्थिरावायला १८८८ उजाडले.

अधिसूचनेत केवळ नकाशा न देता गावांची पूर्ण यादी द्यावी. प्रत्येक गाव यादीत एकदाच आले आहे का, एखादे गाव दुसऱ्या घटकाने वेढले गेले आहे का, आणि सर्व घटकांच्या क्षेत्रफळांची बेरीज मूळ प्रदेशाएवढी येते का, हे तपासावे. गाव फोडणे शक्यतो टाळावे. अंमलाची तारीख जनगणना किंवा निवडणूक चालू असताना ठेवू नये. त्या तारखेआधी जुने दप्तर कोणाकडे जाणार आणि प्रलंबित प्रकरणे कोण निकाली काढणार, हे लेखी ठरवावे. नव्या घटकाला नवा सांकेतांक द्यावा. रद्द झालेल्या घटकाचा सांकेतांक पुन्हा वापरल्यास जुनी आणि नवी आकडेवारी एकमेकांत मिसळते.