हब गिअरला मिड-ड्राइव्ह मोटर जोडताना

इथे नेदरलँड्समध्ये हब गिअरच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या तुंब्यातच गिअर असलेल्या, जुन्या सायकली पैशाला पासरी. त्यांना बाफांग या चिनी कंपनीची, पेडलपाशी बसून चेन ओढणारी (मिड-ड्राइव्ह) मोटर लावायची तर आधी मागचा ब्रेक बघा. पेडल उलटं मारून लागणारा असेल तर तो हब बाद, कारण या मोटरच्या साध्या प्रकारात क्रँक (पेडलचा दांडा) उलटं नुसतंच फिरतं, चेन ओढत नाही.

मग दातांचा हिशेब. पुढे ४४, मागे २२ असतील तर मोटरचा ८० न्यूटन-मीटरचा जोर हबपाशी ४० होऊन पोचतो. मागचं दातेरी चक्र मोठं केलंत की चढ सोपा, पण हबच्या पोटातल्या गिअरांवर ताण. पुढच्या दातांना मागच्यांनी भागून येणारा आकडा मी दोनाच्या खाली जाऊ देत नाही.

खरं मरण गिअर बदलताना. पाय थांबले तरी मोटर क्षणभर ढकलतच राहते. म्हणून गिअरच्या केबलवर गिअर सेन्सर बसवाच; गिअर बदलताना तो मोटर क्षणभर बंद करतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. तोवर, कटऑफवाली (दाबली की मोटर बंद करणारी) ब्रेकची मूठ जराशी दाबून गिअर बदला.

शिमानोचा आठ गिअरचा नेक्सस ८ हब असेल तर शिफ्टर (गिअर बदलायची मूठ) ४ वर ठेवून हबवरच्या दोन पिवळ्या रेघा जुळवा. केसभर फरकही मोटरच्या जोराखाली गिअर घसरवतो. चेनला सेंटीमीटरभर ढील पुरे.