इयत्तावार पटसंख्या कशी वाचावी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत 12 आणि चौथीत 21 मुले दिसली, की शाळा ओस पडत चालली असे बोलले जाते. मात्र एका वर्षाच्या पटात चार निरनिराळ्या वर्षी दाखल झालेली मुले शेजारी मांडलेली असतात, त्यामुळे त्यांची एकमेकांशी तुलना करून फारसे काही हाती लागत नाही. तक्ता करताना वर्षे आडव्या ओळींत आणि इयत्ता उभ्या रकान्यांत मांडाव्यात, आणि तो तिरपा वाचावा: 2022-23 ची पहिली, 2023-24 ची दुसरी, 2024-25 ची तिसरी. असे वाचले तरच एकाच वर्षी दाखल झालेल्या मुलांपैकी किती टिकली हे कळते.

आकडे यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांची माहिती ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर, शाळेच्या 11 अंकी क्रमांकाने शोधता येतात. 2022-23 पासून तेथे प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये.

पहिलीतली घट समजून घेण्यासाठी सहा वर्षांपूर्वीच्या गावातील जन्मनोंदी पाहाव्यात. जन्मच कमी झाले असतील, तर दोष शाळेच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते. जन्म तेवढेच असूनही पट घटला असेल, तर मुले कोणत्या शाळेत गेली याची घरोघरी चौकशी करावी.

पाचवीत दिसणारी घट बहुधा गळती नसते. महाराष्ट्रातील अनेक शाळा चौथीपर्यंतच असल्याने मुले दाखला घेऊन जवळच्या हायस्कुलात जातात. येथे जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची शाळेतील नोंदवही, उघडावे आणि शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना नावागणिक वाचावा. दाखला नेला, पण पुढच्या शाळेत नाव लागले नाही, असे एक जरी मूल आढळले तरी त्याच्या घरी जावे. माझ्या मते या साऱ्या खटाटोपातील हेच सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

बीडसारख्या जिल्ह्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पटाची नोंद 30 सप्टेंबरच्या स्थितीवर घेतली जाते आणि ऊसतोडीला कुटुंबे निघतात ती साधारण दिवाळीच्या सुमारास. त्यामुळे पटावर नाव असलेले मूल जानेवारीत फडावर असू शकते. म्हणून पटासोबत जानेवारीचा हजेरीपटही पाहावा, आणि दोन्हींतील तफावत नावांनिशी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडावी.