नोकरी सांभाळून एमबीए, अभ्यास गावाच्या अर्थकारणाचा

कॅनडात नोव्हा स्कॉशियातल्या केप ब्रेटन विद्यापीठाचा एक एमबीए थेट समुदायाच्या आर्थिक विकासावर आहे. तिथल्या कोळसा खाणी आणि पोलाद कारखाना २००१ मध्ये बंद पडले, पण लोकांनी स्वतःच्या मालकीचे उद्योग उभारायला त्याच्या कितीतरी आधी, १९७६ मध्ये ‘न्यू डॉन’ संस्थेपासून सुरुवात केली होती. आपल्याकडे याच नावाची अर्धवेळ पदवी शोधण्यात वर्ष घालवू नका. आणंदच्या ‘इर्मा’ या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचा मुख्य अभ्यासक्रम पूर्णवेळ आणि निवासी आहे. पतसंस्थेत, प्रभागसंघात (महिला बचत गटांच्या संघात) किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणाऱ्याने मुक्त विद्यापीठाचा साधा एमबीए घ्यावा आणि ऐच्छिक विषय, स्वाध्याय (असाइनमेंट) व प्रकल्प यांच्या जोरावर तो गावाकडे वळवावा. हे पूर्णपणे शक्य आहे, फक्त पहिल्या दिवसापासून ठरवून करावं लागतं.

प्रवेशाआधी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी जुळतात का ते बघा: विद्यापीठ, नेमका अभ्यासक्रम आणि तुम्ही प्रवेश घेताय ते सत्र. विद्यापीठाला मान्यता आहे म्हणजे त्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आहे असं नसतं. तालुक्याच्या ठिकाणी ‘आमच्या सेंटरमधून ॲडमिशन घ्या’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, कारण फ्रँचायझी देऊन केंद्रं चालवायला आयोगाची परवानगी नाही. प्रमाणपत्रावर ‘पदवी’ येणार की ‘पदविका’, हेही आधी विचारा. पुढे बढतीच्या अर्जात नेमकं हेच आडवं येतं.

२०२४ पासून प्रवेशासाठी डीईबी-आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक लागतो आणि तो काढायला आधी शैक्षणिक क्रेडिट बँकेचं (विद्यार्थ्याची क्रेडिट जमा ठेवणारी ऑनलाइन नोंद) खातं लागतं. आधार आणि दहावीचं प्रमाणपत्र यांत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर काम इथेच अडकतं. शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी सुरुवात करा.

तासांचा हिशोब

दूरशिक्षणात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ‘इग्नू’ या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा एमबीए ११६ क्रेडिटचा आहे, म्हणजे ३,४८० तास. दोन वर्षांत उरकायचा तर आठवड्याला साधारण ३३ तास लागतात. नोकरी आणि घर सांभाळून हे जमत नाही आणि दुसऱ्या सत्रात गळणारे बहुतेक याच हिशोबात चुकलेले असतात. मुदत चार वर्षांपर्यंत मिळते, ती पहिल्यापासून धरून चाला. मग आठवड्याला १७ तास पुरतात: सोमवार ते शुक्रवार दीड-दीड तास, शनिवारी चार, रविवारी साडेपाच. सत्राचे सातही विषय एकाच परीक्षेला घेऊ नका. तीन-चार घ्या, बाकीचे पुढच्या परीक्षेला. लेखाशास्त्र आणि संख्याशास्त्र मात्र मागे ठेवू नका, पुढचे विषय त्यांच्यावरच उभे असतात.

सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरात असतात. पतसंस्थेत काम करणाऱ्याला मार्चअखेर वसुली आणि ताळेबंदातून मान वर करायला फुरसत नसते, म्हणून जूनच्या परीक्षेचे स्वाध्याय फेब्रुवारीतच लिहून ठेवा. उत्पादक कंपनीत असाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर सोयाबीनची खरेदी चालते, तेव्हा डिसेंबरला एखादाच विषय घ्या. स्वाध्याय चालू सत्राचेच हवेत, मुदत संपलेले स्वीकारत नाहीत. परीक्षेचा अर्जही वेगळा भरायचा असतो. फी भरली म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असं होत नाही.

ऐच्छिक विषय निवडताना आमचा सल्ला वित्ताचा. बहुतेक जण मार्केटिंग घेतात, पण गावातले सामुदायिक उद्योग बऱ्याचदा माल खपत नाही म्हणून बंद पडत नाहीत, हंगामात माल घ्यायला पैसा नसतो म्हणून पडतात.

एकच संस्था धरा

पहिल्याच सत्रात एक संस्था निवडा आणि शेवटपर्यंत सोडू नका. मनुष्यबळाचा स्वाध्याय असो की लेखाशास्त्राचा, प्रश्नात वाव असेल तिथे उदाहरण तिचंच द्या. चौथ्या वर्षी प्रकल्पाला बसाल तेव्हा निम्मी माहिती हातात असेल.

कागद कसे मिळवायचे ते संस्थेच्या प्रकारावर आहे. सहकारी संस्थेच्या सभासदाला १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ नुसार हिशोबपत्रकं पाहण्याचा हक्क आहे. सभासद नसाल तर संचालक मंडळाचं लेखी पत्र घ्या. उत्पादक कंपनीचे सार्वजनिक कागद कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कुणालाही पाहता येतात. बचत गटात इतिवृत्त, रोकडवही, कर्ज खातेवही आणि बँकेचं पासबुक एकत्र ठेवून वाचा. इतिवृत्तात मंजूर झालेलं कर्ज खातेवहीत दिसत नसेल तर आधी ते जुळवा, मगच विश्लेषण. किमान तीन वर्षांचे आकडे घ्या. एका वर्षाच्या आकड्यांवर दुष्काळ, कर्जमाफी किंवा निवडणूक यांची सावली असू शकते.

पैसा कुठे गळतो

या अभ्यासाचं मुख्य हत्यार म्हणजे गावात आलेला रुपया कुठून बाहेर जातो याचा तक्ता. तीसेक घरं निवडा: भूमिहीन, लहान शेतकरी, मोठे शेतकरी, नोकरदार, सगळ्या गटांतली. फक्त ओळखीची घरं घेतलीत तर तक्ता फसवा निघतो. महिन्याची खरेदी वस्तूवार विचारा: तेल, साबण, पशुखाद्य, बियाणं, मोबाइल, दवाखाना, कर्जाचा हप्ता. प्रत्येक रकमेपुढे ती गावात राहिली, तालुक्याला गेली की त्याही पलीकडे, हे लिहा. घरखर्च घरातल्या बाईला विचारा आणि शेतीचा खर्च नवरा-बायको दोघांनाही. ‘महिन्याला किती?’ या प्रश्नाला अंदाज मिळतो. ‘मागच्या आठवड्यात काय आणलं?’ याला आकडा मिळतो.

आता खरी परीक्षा. समजा ३०० घरांच्या गावात घरटी महिन्याला ४ किलो तेल लागतं, म्हणजे १,२०० किलो, आणि ते सगळं बाहेरून येतं. लगेच तेलघाण्याचा प्रस्ताव सुचतो. थांबा. १०० किलो शेंगदाण्यांतून घाण्यावर साधारण ४० किलो तेल निघतं, तेव्हा महिन्याला ३,००० किलो शेंगदाणे हवेत. वाळलेल्या शेंगांतून सुमारे ७० टक्के दाणे धरले, तर वर्षाला जवळपास ५१ टन शेंगा. गावात भुईमूग किती हेक्टरवर आहे? पीकपाहणीत बघा.

मग किंमत. दाणे १०० रुपये किलो धरले तर एक किलो तेलाला अडीच किलो, म्हणजे २५० रुपयांचे दाणे लागले. दीड किलो पेंड ४० रुपयांनी विकली, ६० रुपये परत आले. उरले १९०, वर वीज, मजुरी, डबे. रिफाइंड सोयाबीन तेल याहून बरंच स्वस्त मिळतं, त्यामुळे ३०० घरं घाण्याचं तेल घेणार नाहीत. चौथा हिस्सा धरा, म्हणजे महिन्याला ३०० किलो तेल आणि ७५० किलो दाणे. शिवाय खरिपाची शेंग ऑक्टोबर-नोव्हेंबरात स्वस्त असते, म्हणून सहा महिन्यांचा साठा तेव्हाच भरावा लागतो: ४,५०० किलो, साडेचार लाख रुपये अडकले. यंत्राला अनुदान मिळवणाऱ्या कितीतरी गटांच्या प्रस्तावात हे खेळतं भांडवलच नसतं आणि यंत्र फेब्रुवारीत बंद पडतं. तुमच्या प्रकल्पात हा एक तक्ता नीट असला, तरी त्याचं मोल शंभर पानांच्या वर्णनापेक्षा जास्त आहे.

उत्पादक कंपनीचा अभ्यास करणाऱ्यांनी सभासदांची संख्या आणि माल घालणारे सभासद वेगळे मोजावेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या १०,००० शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत सपाट प्रदेशात ३०० सभासदांची अट आहे, त्यामुळे कागदावर ३०० असतातच. हंगामात प्रत्यक्ष किती जणांनी कंपनीला माल दिला, हे खरेदी पावत्यांवरून काढा.

प्रकल्प

‘ग्रामीण विकासात बचत गटांची भूमिका’ असले विषय टाळा, ते फार पसरट असतात आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ‘अमुक प्रभागसंघाच्या मसाला उद्योगाची खेळत्या भांडवलाची गरज, तीन वर्षांचा अभ्यास’ असं नेमकं शीर्षक द्या. प्रस्तावासोबत मार्गदर्शकाची सही आणि त्यांचा शैक्षणिक परिचय लागतो. ते विद्यापीठाच्या पात्रतेत बसतात का हे आधीच तपासा, नाहीतर मंजुरीतच एक सत्र जातं. प्रश्नावली आधी पाच घरांत वापरून बघा, मग छापा. कर्ज आणि थकबाकी यांच्या माहितीत सभासदांची नावं लिहू नका, क्रमांक द्या.

अहवाल इंग्रजीत गेला तरी दोन पानांचा मराठी सारांश करून संस्थेच्या सभेत वाचा, आणि तो विद्यापीठाला अहवाल पाठवण्याच्या आधी. चुकलेला दर, विसरलेला खर्च, वसुलीचं खरं कारण हे सगळं सभेतल्या बायका आणि शेतकरी तिथेच सांगतात, आणि दुरुस्तीला तेव्हाच वेळ असतो.