थुंकी नको, बेडका हवा: टीबीच्या रुग्णासमोर या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यात पोस्टिंगला आलेल्या इंटर्नकडून ज्या चुका होतात, त्यातल्या बऱ्याच मीही केल्या आहेत.

पहिली चूक डबीपाशीच होते. आपण म्हणतो, "थुंकी आणा." मग माणूस थुंकीच आणतो! एका आजोबांच्या डबीत नुसता फेस होता, त्यात खर्ऱ्यातली सुपारी तरंगत होती. मी तशीच डबी लॅबला पाठवली. रिपोर्ट निगेटिव्ह आला, आजोबा घरी गेले. महिन्याभरानं आले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. मग पहाटेचा बेडका घेतला, सीबीनॅटवर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवर, टीबी निघाला. तो महिना मला अजून छळतो.

"बाबा, आधी चूळ भरा. बाहेर मोकळ्यात जा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून बेडका काढा." एवढं सांगायला मिनिटही लागत नाही. एक नमुना तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्याबरोबर. दोन्ही निगेटिव्ह, पण ताप, खोकला, वजन घटणं सुरूच असेल तर एक्स-रे काढा.

दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला तपासणीआधीच लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहू नका. ते टीबीलाही तात्पुरतं दाबतं. चार दिवस बरं वाटतं, बाई कापूस वेचायला जाते आणि निदान लांबतं.

भीतीचंही बोलायलाच हवं. दारात उभं राहून हिस्ट्री घेणारे विद्यार्थी मी पाहते. तुम्ही एन-९५ लावा, रुग्णाला साधा मास्क द्या, खिडक्या उघडा आणि जवळ बसा. आजार हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. "भांडी वेगळी ठेवा" हे डॉक्टरच्या तोंडून एकदा निघालं की सुनेची रवानगी थेट माहेरी होते.

टीबीच्या गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, हे गोळ्या देतानाच सांगा. नाही सांगितलं तर रक्त जातंय समजून माणूस गोळ्या बंद करतो. दोन महिन्यांत भूक लागते, अंग धरतं, तेव्हाही गोळ्या सुटतात. साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स ६ महिन्यांचा असतो, हे घरातल्या माणसासमोरच बोला.

आणि निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर रुग्णाची नोंद करायची राहू देऊ नका. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी रुग्णाला महिन्याला १,००० रुपये मिळतात, ते थेट खात्यात येतात. पासबुकची झेरॉक्स पहिल्याच दिवशी मागून घ्या.